परळीपर्यंत आलेली आगीनगाडी

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहर आणि अहिल्यानगर यांच्या दरम्यान प्रवासी रेल्वे सुरू झाली. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळून तेव्हा तीस वर्षे होत आली होती. २३ सप्टेंबर २०२२ ला गाडी आष्टीपर्यंत आली, त्यानंतर तीन वर्षांनी बीडपर्यंत. बीड ते परळी हा टप्पा तेव्हाही पूर्ण व्हायचा होता. ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेसाठी अर्ज, मोर्चे आणि आश्वासने पाहिली, त्या शहराला झालेला आनंद रास्तच होता. आम्हीही त्यात सामील होतो. मात्र त्या दिवसांत बोलण्याच्या ओघात अनेकांच्या तोंडून 'जिल्ह्यात पहिल्यांदाच रेल्वे आली' असे निघत होते. ते आमच्या कानाला खटकले.

परळी बीड जिल्ह्यातच आहे. घाटनांदूरही बीड जिल्ह्यातच आहे. तिथे निजामाच्या काळापासून रेल्वे आहे, आणि तीही एक नव्हे तर दोन प्रकारची होती. विकाराबाद, बीदर, उदगीर या बाजूने येणारा रुंद रूळ आणि परभणी, गंगाखेडकडून येणारा मीटरगेज, हे दोन्ही परळीच्या फलाटावर येऊन थांबत. जिल्ह्याच्या पूर्व कोपऱ्यात वाफेची इंजिने पाणी पीत होती, तेव्हा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बैलगाडीवर होते. आपल्या जिल्ह्याची रेल्वे अशी कोपऱ्यातच का अडकली, आणि त्या रेल्वेची आठवण आपण इतक्या सहज का पुसून टाकली, हे दोन प्रश्न आम्हाला या लेखात मांडायचे आहेत.

सुरुवात हैदराबादपासून करावी लागेल. मुंबई आणि मद्रास यांना जोडणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला एक झाला. तो निजामाच्या मुलखातून गेला, पण राजधानी बाजूलाच राहिली. म्हणून वाडी जंक्शनपासून हैदराबाद-सिकंदराबादपर्यंत फाटा काढण्यात आला आणि १८७४ मध्ये तो सुरू झाला. आग्रह इंग्रजांचा, कारण सिकंदराबादला त्यांची मोठी छावणी होती. पैसा मात्र रियासतीचा. निजाम स्टेट रेल्वेचा जन्म असा झाला. त्यात रयतेची सोय हा हेतू पहिल्या क्रमांकावर नव्हता, हे मान्य करायला आम्हाला संकोच वाटत नाही.

यानंतर १८८३ मध्ये जे घडले ते आपल्या शाळेतल्या इतिहासात कुठेच नाही. ते असायला हवे होते. ही रेल्वे लंडनमध्ये उभ्या राहणाऱ्या एका कंपनीच्या हाती द्यायची आणि तिच्यामार्फत बेजवाडा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) या दिशांना मार्ग वाढवायचे, असा बेत ठरत होता. भागधारकांच्या पैशावर ठरावीक व्याजाची हमी रियासतीच्या खजिन्याने द्यायची होती. म्हणजे तोटा झाला तर तो हैदराबादच्या रयतेचा आणि नफा झाला तर लंडनच्या भागधारकांचाही. पुढे या रेल्वेच्या नावात जो 'गॅरंटीड' शब्द आला तो या हमीमुळेच. हैदराबादेतील काही शिकल्यासवरल्या मंडळींनी मागणी केली की एवढा मोठा करार करण्याआधी त्याच्या अटी लोकांसमोर ठेवाव्यात. मागणी एवढीच होती. या मंडळींमध्ये दोन नावे ठळक होती. एक डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील. दुसरे मुल्ला अब्दुल कय्यूम. अघोरनाथांना त्या मे महिन्यात हैदराबादेतून हद्दपार करण्यात आले आणि करार त्याच वर्षी झाला.

करार जुळवून आणण्यात पुढाकार घेणारे रियासतीचे अधिकारी अब्दुल हक हेही मुसलमानच होते. पुढे ते सरदार दिलेर जंग झाले आणि १८८८ मध्ये खाणींच्या दुसऱ्या एका व्यवहारात इतके अडकले की प्रकरण इंग्लंडच्या पार्लमेंटच्या समितीपर्यंत गेले. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण निजामाच्या रेल्वेचा विषय निघाला की तो लगेच हिंदू-मुसलमान असा मांडला जातो. १८८३ च्या हैदराबादेत एक बंगाली हिंदू प्राध्यापक आणि एक मुल्ला एका बाजूला होते, आणि दुसऱ्या बाजूला दरबार, रेसिडेन्सी आणि लंडनचा सराफा. वाद हिशोबाचा होता.

मुल्ला अब्दुल कय्यूम रेल्वेचे विरोधक होते असेही कुणी समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी तुर्कस्तानच्या सुलतानाने दमास्कसहून मदिनेपर्यंत हिजाझ रेल्वे बांधायला घेतली. तिच्यासाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांकडून वर्गणी गोळा करण्यात हेच मुल्लासाहेब पुढे होते. १९०८ मध्ये ती गाडी मदिनेला पोहोचली. मुल्लासाहेब १९०६ मध्येच अल्लाला प्यारे झाले होते. हज किंवा उमऱ्याला जाऊन आलेल्या वाचकांपैकी काहींनी मदिनेतील अंबरिया भागातले हिजाझ रेल्वेचे जुने स्थानक पाहिले असेल. तिथे आता संग्रहालय आहे आणि त्या काळातले इंजिनही ठेवले आहे. आपल्याकडचे लोक ते मोठ्या कौतुकाने पाहून येतात. परळीच्या फलाटावर मात्र आपण फक्त गाडीला किती उशीर झाला एवढेच पाहतो.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. मनमाडपासून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, निजामाबाद असा सिकंदराबादपर्यंत जाणारा मीटरगेज मार्ग 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' या नावाने बांधला गेला. तो १९०० आणि १९०१ या वर्षांत पूर्णपणे खुला झाला. ही वर्षे लक्षात घ्या. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी छप्पनचा दुष्काळ म्हणून राहिला, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होते. रुळाच्या काठावरच्या गावांपर्यंत धान्य रेल्वेने येऊ शकत होते. बीड, पाटोदा, आष्टी, केज या बाजूला ते बैलाच्या खांद्यावरून यायचे, आणि चारा नसलेल्या वर्षी बैल तरी कुठून येणार?

रूळ गोदावरीच्या उत्तरेला का राहिला याचे उत्तर नकाशातच आहे. मनमाडहून नांदेडकडे जायचे तर गोदावरीच्या उत्तरेचा सपाट पट्टा सोयीचा, कापसाचाही आणि पुलांचा खर्च वाचवणाराही. बीड नदीच्या दक्षिणेला, पाठीशी बालाघाटचे डोंगर. कंपनीने खर्च पाहिला आणि नदी ओलांडली नाही. त्यामुळे बीडच्या माणसाला गाडी धरायची तर शंभरेक किलोमीटरवरचे जालना गाठावे लागे. गोदावरी ओलांडून आपल्या जिल्ह्यात रूळ आला तो बऱ्याच वर्षांनी, परभणी-परळी फाट्याच्या रूपाने, गंगाखेडच्या पुलावरून. दक्षिणेकडून विकाराबाद-बीदरचा रुंद रूळही परळीला येऊन मिळाला. जुन्या इंग्रजी नकाशांत बीड 'भीर', परळी 'पुर्ली' आणि अंबाजोगाई 'मोमिनाबाद' अशी दिसते. मोमिनाबादला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, पण छावणीलासुद्धा दारात रूळ मिळाला नाही. मोमिनाबादकरांचे स्थानक घाटनांदूर.

दोन वेगळ्या मापांचे रूळ एका गावात भेटले की काय होते, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. रुंद रुळाच्या दोन पट्ट्यांतले अंतर १ मीटर ६७६ मिलिमीटर, मीटरगेजचे १ मीटर. एका रुळावरची वाघीण दुसऱ्यावर चालणार नाही. म्हणून बीदरकडून आलेले पोते परभणीकडे जायचे असेल तर परळीला एका वाघिणीतून उतरवायचे आणि दुसरीत चढवायचे. हे काम यंत्राने नव्हे, पाठीने होई. परळीच्या हमालांच्या किती पिढ्या त्या दोन रुळांच्या मधल्या जागेवर जगल्या! मुसलमान, दलित, वंजारी, धनगर, सगळे त्यात होते. १९९० च्या दशकात परभणी-परळी मार्ग रुंद झाला आणि गाडी थेट जाऊ लागली. प्रवाशांची मोठी सोय झाली. हमालांचे ते काम मात्र तिथेच संपले. प्रगतीच्या हिशोबात अशी वजाबाकीही असते, पण ती कुठे लिहून ठेवलेली सापडत नाही.

बीड जिल्ह्याच्या दक्षिण भागाचा संबंध आणखी एका छोट्या रेल्वेशी होता, ती म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. बार्शी गाव इंग्रजी मुलखात आणि त्याला लागून निजामाचा मुलूख. बालाघाटावरचा माल बैलगाड्यांच्या रांगांनी बार्शीच्या पेठेत यायचा. ही रहदारी पाहून एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळाची योजना आखली. १८९७ मध्ये बार्शी रोड (म्हणजे कुर्डुवाडी) ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास झाली. कॅलथ्रॉपचे म्हणणे असे की इंजिनाचे आणि डब्यांचे वजन प्रत्येक आसावर समान वाटले तर हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो, आणि गरीब मुलखाला परवडेल अशी रेल्वे बांधता येते. बार्शीसाठीची इंजिने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून आधी तपासून पाहिली गेली. बार्शीचा अनुभव घेऊन पुढे इंग्लंडमध्येच लीक अँड मॅनिफोल्ड नावाची रेल्वे बांधली गेली. आपल्याकडच्या धुळीच्या पेठेत शिकलेला धडा विलायतेत वापरला गेला, असे क्वचितच घडते.

१ जानेवारी १९५४ पासून ती सरकारी झाली आणि २००१ नंतरच्या दहा-एक वर्षांत तिचा अरुंद रूळ उखडून टप्प्याटप्प्याने रुंद झाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी जवळपास त्याच वाटेने आली. कॅलथ्रॉपने कापसाचा आणि धान्याचा विचार केला होता. आपण त्याच्या वाटेने पाणी आणले.

पुन्हा निजाम रेल्वेकडे येऊ. १ एप्रिल १९३० रोजी रियासतीने ही रेल्वे लंडनच्या कंपनीकडून विकत घेतली. १८८३ ला अघोरनाथ आणि मुल्लासाहेब यांनी जी भीती बोलून दाखवली होती ती दूर व्हायला सत्तेचाळीस वर्षे लागली. १९३२ मध्ये रेल्वेनेच मोटार खाते काढले आणि २७ गाड्यांनी प्रवासी बससेवा सुरू केली. सरकारी मालकीची बससेवा हिंदुस्थानात इतक्या आधी कुठेच नव्हती, असे सांगितले जाते. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६१ मध्ये मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा आजच्या एस. टी. महामंडळात मिसळली. आपण लाल परीचे गुणगान करतो तेव्हा तिचे एक आजोळ या रेल्वेत आहे, हे कुणाच्या ध्यानात नसते. रेल्वे स्वतः ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत आणि २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वेत गेली. नाव गेले, रूळ राहिले.

रुळावर अखेरपर्यंत धावलेली वाफेची इंजिने निजामाच्या काळातली नव्हती, हेही सांगायला हवे. स्वातंत्र्यानंतर मीटरगेजसाठी वायपी आणि वायजी अशा दोन जातींची इंजिने आली. वायपी प्रवासी गाडीला, वायजी मालगाडीला. १९४९ पासून १९७२ पर्यंत दोन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास इंजिने बांधली गेली, त्यातली पुष्कळशी जमशेदपूरला. १९७२ मध्ये देशात वाफेचे इंजिन बांधणे थांबले. आपल्या भागात या इंजिनांचे मोठे घर म्हणजे पूर्णेची लोको शेड. परळीला दिसणारे मीटरगेजचे इंजिन याच गोतावळ्यातले. पूर्णा हे सबंध गावच इंजिनावर जगत होते. ड्रायव्हर, आगवाले, फिटर, बॉयलरवाले, खलाशी, सगळे एकमेकांच्या शेजारी राहत. कुणाची ड्यूटी रात्री दोनला लागली की सांगायला निरोप्या दारावर यायचा.

आमच्या नात्यातले एक वयोवृद्ध चाचा तरुणपणी मीटरगेजवर आगवाला होते. त्यांच्याकडून आम्ही जे शिकलो ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. लोक समजतात की आगवाल्याचे काम फावड्याने कोळसा टाकणे. चाचांच्या सांगण्याप्रमाणे खरे काम पाण्याकडे डोळा ठेवण्याचे. बॉयलरला एक काचेची नळी असते, तिच्यात पाण्याची पातळी दिसते. आत आगीच्या पेटीवरचे छत पाण्याखाली बुडालेले राहिलेच पाहिजे. पाणी उतरले आणि ते छत उघडे पडले की पत्रा लाल होतो आणि सारे संपते. त्यासाठी छतात शिशाचा एक बूच बसवलेला असतो. उष्णता वाढली की शिसे वितळते, वाफ आगीवर येते आणि निदान इशारा तरी मिळतो. कोळसासुद्धा ढीग करून टाकायचा नाही. पातळ, सारखा पसरायचा, कोपऱ्यात थोडा जास्त. चढ येण्याआधी आग तयार ठेवायची, चढ लागल्यावर नव्हे. दख्खनीत ते याला 'अंगार पकाना' म्हणत. उन्हाळ्यात, परभणीच्या उन्हात, त्या पेटीच्या तोंडाशी आठ-आठ तास उभे राहण्याला काय म्हणायचे, यावर मात्र ते काही बोलत नसत. रमजानमध्ये रोजा ठेवून इंजिनावर चढणारेही होते, आणि पाण्याची सुरई जोडीदाराच्या हवाली करणारेही.

हे ज्ञान हातातले आहे. ते कागदावर पुरते उतरत नाही. म्हणून इंजिन जपणे याचा अर्थ चौथऱ्यावर उभे करून काळा आणि लाल रंग फासणे एवढाच घेतला तर काम अर्धेच होते. चौथऱ्यावरचे इंजिन पावसात गंजते, पितळी भाग एक एक करून जातात आणि दहा वर्षांत ते मुलांच्या लपाछपीची जागा बनते. पेटवता येईल असे इंजिन ठेवायचे तर बॉयलरची ठरावीक मुदतीने तपासणी, नळ्या बदलणे, चुनखडीमुक्त पाणी, आणि मुख्य म्हणजे आग कशी पेटवायची हे जाणणारा माणूस लागतो. वेल्समध्ये १९५१ साली टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे बंद पडत होती, ती गावच्या आणि बाहेरच्या हौशी लोकांनी स्वतः चालवायला घेतली. आपल्याकडे दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ ला सुरू झाले. हरियाणातील रेवाडीची १८९३ सालची शेड २००२ मध्ये वारसा शेड म्हणून पुन्हा उभी राहिली. तिथे वायजी, वायपी जातीची इंजिने राखली गेली. बीड जिल्ह्यातल्या मुलाला आपल्या आजोबांनी पेटवलेल्या जातीचे इंजिन धगधगताना पाहायचे असेल तर रेवाडीसारख्या ठिकाणचा रस्ता धरावा लागतो.

महाराष्ट्रात माथेरानचे उदाहरण आहे. नेरळ-माथेरान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून बांधली. तिच्या चार मूळ इंजिनांच्या आराखड्यात हाच बार्शीवाला कॅलथ्रॉप होता. त्या चारपैकी एक दिल्लीच्या संग्रहालयात आहे आणि एक इंग्लंडला गेले. पीरभॉयांचे नाव निदान माथेरानला जाणाऱ्याच्या कानावर पडते. परळीला अशी गोष्ट सांगणारे कुणी नाही, कारण परळीच्या रेल्वेला जोडलेले नाव निजामाचे आहे.

इथे थोडे स्पष्ट बोलायला हवे. आपल्यातले काही जण निजामाने रेल्वे दिली, दवाखाने दिले, विद्यापीठ दिले असे सांगत छाती पुढे काढतात. त्यांनी बीडचा नकाशा पुन्हा पाहावा. रियासतीच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या रेल्वे इतिहासात जिल्ह्याच्या मुख्य गावाला रूळ मिळाला नाही. जे मिळाले ते खजिन्याच्या, छावणीच्या आणि व्यापाराच्या हिशोबाने. दुसरीकडे, निजामाच्या काळातले सगळेच काळे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की १९४८ नंतर बीड शहरात गाडी यायला आणखी सत्त्याहत्तर वर्षे लागली. बीडच्या वाट्याला दोन्ही राजवटींत वाट पाहणेच आले. आणि परळीचा रूळ ज्यांनी टाकला, माती वाहिली, गंगाखेडच्या पुलाचे दगड घडवले, ते निजाम नव्हते. ते आपल्याच गावचे मजूर, वडार, हमाल, मुकादम होते. त्यांचा वारसा निजामाच्या नावाखाली गाडून टाकणे हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

शिवाय हा वारसा वाचायचा कुणी? रियासतीत १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली आणि १९४८ पर्यंत राहिली. जिल्ह्यातले महसुलाचे जुने कागद उर्दूत, कधी मोडीत आहेत. रुळासाठी कुणाची किती जमीन गेली, कुणाला किती मोबदला मिळाला, हे शोधायचे तर याच कागदांतून जावे लागेल. मोबदल्याचा आकडा हाली सिक्क्यात असला तर कलदार रुपयात तो कमी भरतो. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. तारीख असते फसली सालाची, महिना आझूर, दय किंवा बहमन. फसली १३४० म्हणजे ऑक्टोबर १९३० पासूनचे वर्ष. ५९० मिळवले की इसवी सन हाती येतो. आणि लिपी असते शिकस्ता, घाईत लिहिलेली, नुक्ते गाळलेली. छापील उर्दू सफाईने वाचणारा पदवीधरही तिच्यापुढे अडखळतो. ती वाचू शकणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आता बोटावर मोजण्याइतकी राहिली आहेत.

घरातल्या कागदांची गत आणखी वाईट. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत ज्या कागदावर सरकारी शिक्का आणि उर्दू मजकूर आहे तो घरात ठेवायची लोकांना भीती वाटत होती, असे आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. काही जळाले, काही विहिरीत गेले, काही आडातल्या कोनाड्यात वाळवीने खाल्ले. जिल्ह्याबाहेरच्या एका जुन्या स्थानकावर आम्ही गेलो तेव्हा जुन्या नोंदवह्या बऱ्याच वर्षांपूर्वी रद्दीत गेल्याचे कळले. ज्याने त्या विकल्या त्याला त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. वाचता आले असते तरी जपल्या असत्या, असे छातीठोकपणे आम्ही म्हणणार नाही.

आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात इतिहासाच्या तासाला आम्ही एक साधे काम सुरू केले आहे. मुलांनी आपापल्या घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या वृद्धांना रेल्वेबद्दल विचारायचे आणि मिळालेले शब्द, आठवणी वहीत उतरवायच्या. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तोपर्यंत रेल्वेत पाऊल ठेवले नव्हते. तरी शब्द भरभरून आले. काटेवाला, झंडी, बत्तीवाला, वाघीण, ठेला, चाबी, पाणीखांब. एका मुलीच्या नानीने सांगितले की परळीला बायका इंजिनातून पडलेला अर्धजळका कोळसा वेचायला जात आणि त्यावर घरची चूल पेटे. दुसऱ्या एका मुलाच्या दादांना गाडीची शिटी ऐकून ड्रायव्हर कोण आहे हे कळत असे, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. या वह्यांत खरेखोटे मिसळलेले असणार. तो निवाडा नंतर करता येईल. सांगणारे तोवर राहणार नाहीत.

परळीला फार मोठे काही हवे आहे असे नाही. स्थानकाच्या एका खोलीत दोन्ही मापांच्या रुळाचा एकेक तुकडा शेजारी शेजारी ठेवावा, म्हणजे मुलाला फरक पायाने मोजता येईल. हमालांच्या आणि आगवाल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, मराठीत, दख्खनीत, ज्याच्या त्याच्या बोलीत. तार्नाक्याच्या राज्य अभिलेखागारात निजामाच्या काळातले दफ्तर आहे. त्यातून भीर जिल्ह्याचे रेल्वेविषयक कागद शोधून त्यांचे मराठी भाषांतर व्हावे. उर्दू शाळांतल्या शिक्षकांनी हे अंगावर घ्यावे, कारण या कामात आपली भाषा कुणाला अडचण वाटणार नाही, उलट तिच्याशिवाय कुणाचे पान हलणार नाही. आणि रेल्वेने मनावर घेतले तर कुठल्या तरी यार्डात पडलेले एखादे वायजी परळीला आणून छपराखाली ठेवावे. छपराखाली, उघड्यावर नव्हे. चाचांनी हे दोनदा बजावले होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना घेऊन आम्ही घाटनांदूरला जाणार आहोत. तिथल्या दोन घरांत जुने उर्दू कागद असल्याचे कळले आहे. एका घरच्यांनी दाखवायचे कबूल केले आहे, दुसऱ्या घराशी अजून बोलणे चालू आहे.